आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धांतील स्वयंसेवक : नवी मुंबईतील स्पर्धा आणि मोहने परिसरातील विद्यार्थी

बीजसंज्ञा : स्वयंसेवा, विनावेतन श्रम, फुटबॉल विश्वचषक, राष्ट्रीय सेवा योजना, श्रेयांक, उपनगरी प्रवास

प्रास्ताविक

कोणतीही मोठी आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा प्रेक्षकाला खेळाडू, पंच आणि प्रशिक्षक यांच्या रूपाने दिसते. प्रत्यक्षात ती उभी राहते ती प्रवेशद्वारावर तिकीट तपासणाऱ्या, पत्रकारांना आसन दाखवणाऱ्या, संघाच्या बसची वाट पाहत विमानतळावर ताटकळणाऱ्या हजारो बिनपगारी हातांवर. जर्मनीतील २००६ च्या विश्वचषकासाठी सुमारे १५ हजार स्वयंसेवक निवडण्यात आले होते. रशियातील २०१८ च्या स्पर्धेत सुमारे १७ हजार जागांसाठी १ लाख ७६ हजारांहून अधिक अर्ज आले, तर कतारमधील २०२२ च्या स्पर्धेत सुमारे २० हजार जागांसाठी चार लाखांहून अधिक लोकांनी इच्छा दर्शविली. मोबदला नसलेल्या कामासाठी एवढी चढाओढ व्हावी, ही गोष्ट समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या तिन्ही विद्याशाखांच्या अभ्यासकांना विचार करावयास लावणारी आहे.

महाराष्ट्राला या प्रकाराचा निकटचा परिचय झाला तो २०१७ आणि २०२२ या दोन वर्षांत. नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात या काळात तीन आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे सामने झाले आणि मुंबई महानगर प्रदेशातील महाविद्यालयीन तरुणांना विश्वचषक दर्जाच्या संयोजनात सहभागी होण्याची संधी घराजवळ आली. 'घराजवळ' हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. नेरूळ वा वाशीच्या विद्यार्थ्याला जे जवळ आहे ते कल्याण तालुक्यातील मोहने येथील विद्यार्थ्याला तितकेसे जवळ नाही. प्रस्तुत लेखात स्वयंसेवकाच्या कामाचे स्वरूप स्पष्ट करून, उपनगराच्या टोकाला राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या संधीचे मोल आणि मूल्य काय, याचा विचार केला आहे.

'स्वयंसेवक' ही संज्ञा

मराठी समाजाला स्वयंसेवक नवा नाही. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पाणी देणारे गावकरी, गणेशोत्सवात रात्र रात्र रांगा सांभाळणारे मंडळाचे कार्यकर्ते ही त्याची परंपरागत रूपे होत. संघटित रूपात ही कल्पना राष्ट्रीय चळवळीत दृढ झाली. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ मध्ये उभारलेले हिंदुस्थानी सेवा दल, तसेच १९४१ पासून महाराष्ट्रात कार्य करणारे राष्ट्र सेवा दल यांनी शिस्त, गणवेश आणि नेमून दिलेले काम या तिन्ही गोष्टी स्वयंसेवेशी जोडल्या. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या तरुणपणीची एक आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. पुण्यातील एका शालेय समारंभात दारावर उभ्या असलेल्या गोखल्यांनी निमंत्रणपत्रिका नाही म्हणून साक्षात न्यायमूर्ती रानडे यांना थांबवले, असे सांगतात. आख्यायिकेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी फुटबॉल स्पर्धेच्या प्रवेशद्वारावरील स्वयंसेवकाला जे शिकवले जाते ते याहून वेगळे नाही : समोरची व्यक्ती कोण आहे हे न पाहता तिच्याजवळ कोणते पत्र आहे ते पाहावे.

स्वातंत्र्योत्तर काळात महाविद्यालयीन स्वयंसेवेला स्थिर चौकट मिळाली ती राष्ट्रीय सेवा योजनेमुळे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हे तिचे सर्वपरिचित स्वरूप होय. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेश २२९-अ नुसार अशा विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या दहा गुणांच्या सवलतीमुळे ती विद्यार्थीप्रिय झाली, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

आंतरराष्ट्रीय श्रम सांख्यिकी तज्ज्ञांच्या २०१३ मधील एकोणिसाव्या परिषदेने स्वयंसेवी कामाची व्याख्या करताना दोन अटी घातल्या : काम विनावेतन असावे आणि ते सक्तीचे नसावे. पैकी पहिली अट पाळली जाते की नाही हे तपासणे सोपे असते. दुसरी तपासणे अवघड, आणि महाविद्यालयांच्या दृष्टीने खरी कसोटी तिचीच आहे.

नवी मुंबईतील तीन स्पर्धा

सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात दिल्ली, नवी मुंबई, मडगाव, कोची, गुवाहाटी आणि कोलकाता या सहा ठिकाणी झाली. २४ संघ, ५२ सामने आणि १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक. या वयोगटाच्या विश्वचषकातील उपस्थितीचा पूर्वीचा उच्चांक १९८५ मधील चीनच्या स्पर्धेचा होता. तो भारतात मोडला गेला. फुटबॉलमध्ये मागासलेल्या समजल्या जाणाऱ्या देशाच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय होती. स्पर्धेपूर्वी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्र शासनाने दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम योजला होता.

नवी मुंबईच्या वाट्याला आठ सामने आले. ६ ऑक्टोबरला न्यूझीलंड-तुर्कस्तान आणि पॅराग्वे-माली, ९ तारखेला तुर्कस्तान-माली आणि पॅराग्वे-न्यूझीलंड, १२ तारखेला तुर्कस्तान-पॅराग्वे आणि अमेरिका-कोलंबिया, १८ तारखेला घाना-नायजर, आणि २५ तारखेला माली व स्पेन यांच्यातील उपान्त्य सामना. या यादीत भारत नाही; भारताचे तिन्ही सामने दिल्लीत झाले. आपला संघ नसलेल्या सामन्याला राबणारा स्वयंसेवक हा संघाच्या प्रेमाने आलेला नसतो, ही गोष्ट त्याच्या प्रेरणांचा विचार करताना विसरता येत नाही.

तारखांकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. १८ ऑक्टोबर २०१७ हा नरक चतुर्दशीचा दिवस होता. पहाटे अभ्यंगस्नान उरकून संध्याकाळी नेरूळला घाना आणि नायजरच्या प्रेक्षकांची व्यवस्था पाहायची, असा तो दिवस. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षांचे निकाल संगणकीय मूल्यांकनातील अडचणींमुळे कित्येक आठवडे लांबले होते आणि पुढील सत्राचे वेळापत्रक विस्कळीत झाले होते. परीक्षा केव्हा, हेच निश्चित नसताना विद्यार्थ्याने महिन्याभराच्या पाळ्या स्वीकारणे ही साधी गोष्ट नव्हती.

महिलांची आशियाई चषक स्पर्धा २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातील बालेवाडी येथे झाली. परंतु ती कोविडच्या छायेत. खेळाडू आणि संयोजक बंदिस्त वर्तुळात होते. भारतीय संघातच संसर्ग पसरल्याने २३ जानेवारीचा सामना होऊ शकला नाही व संघाला स्पर्धेबाहेर जावे लागले. प्रेक्षकच जेथे दुरावले तेथे प्रेक्षकसेवेचे काम उरले नाही.

त्याच वर्षी ११ ते ३० ऑक्टोबर या काळात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाला. मूळची २०२० ची ही स्पर्धा आधी पुढे ढकलली गेली, मग रद्द झाली आणि शेवटी २०२२ साठी भारताला मिळाली. स्पर्धेला दोन महिने उरले असताना, ऑगस्टमध्ये, जागतिक महासंघाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले. ते निलंबन अकरा-बारा दिवसांनी उठले. ३० ऑक्टोबरला नेरूळ येथे अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाचा १-० असा पराभव केला.

कामाचे स्वरूप

स्वयंसेवक म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहून सामना फुकट पाहणारा, असा एक गैरसमज आढळतो. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. ज्याची नेमणूक वाहनतळावर वा अधिस्वीकृती कक्षात असते त्याला सामन्याचा एक चेंडूही दिसत नाही; गोल झाल्याचे त्याला आरोळीवरून कळते. प्रेक्षकसेवेतील स्वयंसेवकाची पाठ मैदानाकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे असते, आणि तशीच ती असावी असा नियम आहे.

निवडीची प्रक्रिया साधारणतः सारखीच असते. संगणकीय अर्ज, मुलाखत, कामाचे वाटप, सामान्य प्रशिक्षण, विशिष्ट कामाचे प्रशिक्षण, आणि मग प्रत्यक्ष स्थळाची ओळख. किमान वयाची अट बहुतेक वेळा अठरा वर्षे. स्वयंसेवकाला गणवेश, कामाच्या दिवशी भोजन आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. घरापासूनचा प्रवास आणि मुक्काम हा त्याचा त्याने पाहावयाचा असतो. गळ्यातील ओळखपत्रावर विभागांचे क्रमांक छापलेले असतात. ज्या विभागाचा क्रमांक त्यावर नाही तेथे पाऊल टाकता येत नाही, मग आत कोणीही ओळखीचे असो. 'जरा आत सोडा ना' या आपल्याकडील सार्वत्रिक विनवणीला येथे जागा नसते. शिस्तीचा हा धडा अनेक विद्यार्थी प्रथमच गिरवतात.

कामाचे विभाग पुष्कळ आहेत : प्रेक्षकसेवा, प्रसारमाध्यमे, वाहतूक, भाषासाहाय्य, तिकिटे, समारंभ, वैद्यकीय मदत. त्यांपैकी एकाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण ते सर्वांत कमी ठाऊक आणि सर्वांत जोखमीचे आहे. सामना संपल्यावर उत्तेजक द्रव्य चाचणीसाठी निवडल्या गेलेल्या खेळाडूसोबत एक सोबती द्यावा लागतो. खेळाडूला सूचना दिल्यापासून तो चाचणी कक्षात पोहोचेपर्यंत या सोबत्याने त्याला क्षणभरही दृष्टिआड होऊ द्यायचे नसते. तो कोणते पाणी पितो, कोणाशी बोलतो, कोठे जातो, याकडे लक्ष ठेवावयाचे, पण अडवावयाचे नाही. संघ जिंकला असेल तर खेळाडू नाचत असतो. हरला असेल तर रडत असतो. सतरा वर्षांखालील स्पर्धेत तो शिवाय अल्पवयीन असतो, त्यामुळे चाचणीच्या वेळी त्याच्यासोबत प्रौढ प्रतिनिधी ठेवण्याची तरतूद आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडून येथे जी प्रगल्भता अपेक्षित असते ती कोणत्याही पाठ्यपुस्तकातून येत नाही. चूक झाली तर एका खेळाडूची कारकीर्द आणि एका चाचणीची वैधता, दोन्ही धोक्यात येऊ शकतात.

अल्पवयीनांच्या सुरक्षिततेचा प्रश्न सर्वच विभागांना लागू आहे. जागतिक महासंघाने २०१९ मध्ये बालसंरक्षणाचा स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. भारतात या विषयाचे गांभीर्य २०२२ च्या उन्हाळ्यात जाणवले, कारण सतरा वर्षांखालील भारतीय मुलींच्या संघाच्या युरोप दौऱ्यातच एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून दूर करावे लागले होते. अशा पार्श्वभूमीवर खेळाडूंसोबत छायाचित्र न काढणे, संपर्क क्रमांक न मागणे, एकट्या खेळाडूसोबत बंद खोलीत न थांबणे या सूचना औपचारिकता म्हणून वाचून सोडून देण्यासारख्या नाहीत. विद्यार्थी पाठवणाऱ्या महाविद्यालयाने त्या आधीच समजावून द्याव्यात. संयोजकांच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणावर सर्व भार टाकू नये.

गर्दीचे नियमन हा दुसरा कळीचा विषय. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील सामन्याच्या वेळी १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले, ही भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील काळी घटना होय. नवी मुंबईतील २०१७ च्या पहिल्या सामन्याच्या बरोबर आठवडाभर आधी, २९ सप्टेंबरला, मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला होता. उपनगरी प्रवाशाला गर्दी नवी नाही. किंबहुना तो गर्दीतच वाढतो. परंतु गर्दीत वावरणे आणि गर्दी हाताळणे या भिन्न गोष्टी आहेत. अरुंद जिन्यावर दोन्ही बाजूंनी माणसे आली तर काय होते, हे अंबिवली किंवा कल्याणच्या पुलावरून रोज जाणाऱ्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. त्याला शिकवावे लागते ते एवढेच की अशा वेळी प्रथम प्रवाह थांबवावा, मग माहिती द्यावी. स्वयंसेवक हा पोलीस नव्हे. बळ वापरण्याचा त्याला अधिकार नाही. त्याच्याजवळ असतो तो आवाज, हाताची खूण आणि लोकांची भाषा.

भाषेचा मुद्दा येथे ओघाने येतो. अर्ज आणि मुलाखत इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी या पहिल्याच पायरीवर बिचकतो, हा प्राध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे. प्रत्यक्ष दारावर मात्र येणाऱ्या हजारो प्रेक्षकांत इंग्रजीतून विचारणारे थोडे. कुटुंबासह आलेला, पाण्याची बाटली आत का नेता येत नाही म्हणून हुज्जत घालणारा प्रेक्षक मराठीत किंवा हिंदीत बोलतो. त्याला समजावण्याचे कौशल्य हे भाषासाहाय्यच होय, पण निवडीच्या वेळी ते मोजले जात नाही. त्या हुज्जतीला कधी कधी कारणही असते. २०१७ च्या पहिल्या दिवशी दिल्लीत प्रेक्षकांना पिण्याच्या पाण्याची टंचाई जाणवली आणि स्थानिक संयोजन समितीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. अशा प्रसंगी समिती दूर असते. लोकांचा राग झेलतो तो समोर उभा असलेला गणवेशातला विद्यार्थी.

मोहने ते नेरूळ

मोहने हे उल्हास नदीकाठचे, कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रातील गाव. शहाड आणि अंबिवली ही त्याची रेल्वे स्थानके. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे लोकांच्या भाषेतील 'एन.आर.सी.'च्या, कारखान्यामुळे येथे देशाच्या अनेक प्रांतांतील कामगारांची वसाहत झाली. हा कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. २०१७ मध्ये अठरा-वीस वर्षांचा असलेला येथील विद्यार्थी हा कारखाना बंद झाला तेव्हा प्राथमिक शाळेत होता. अशा घरात 'बिनपगारी काम' हा शब्दप्रयोग केवळ उदात्त वाटत नाही, याची जाणीव विवेचकाने ठेवलेली बरी.

प्रवासाचा हिशेब मांडून पाहू. मोहन्याहून रिक्षाने अंबिवली वा शहाड स्थानक, तेथून कसारा मार्गावरील लोकलने कल्याण किंवा थेट ठाणे, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बर मार्गाने नेरूळ. कल्याणहून नवी मुंबईला थेट लोकल नाही. कसारा मार्गावरील गाड्या विरळ असल्याने वाट पाहण्याचा वेळ धरता एका दिशेला दोन तास सहज जातात. नवी मुंबईतील २०१७ चे सामने पाच दिवसांत विभागलेले होते. या पाच दिवसांचे जाण्यायेण्याचेच वीस तास होतात; प्रशिक्षणाचे दिवस वेगळे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वर्षभराच्या १२० तासांशी तुलना केल्यास हा एक षष्ठांश भाग केवळ रेल्वेत जातो.

खर्चाच्या बाबतीत एक बारकावा बहुधा दुर्लक्षित राहतो. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास घराजवळचे स्थानक आणि महाविद्यालयाजवळचे स्थानक यांच्यापुरताच मिळतो. कल्याण वा उल्हासनगरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मोहन्याच्या विद्यार्थ्याचा पास त्याला नेरूळपर्यंत नेत नाही. पुढील प्रवासाचे तिकीट आणि दोन्ही टोकांची रिक्षा हा खर्च त्याच्याच खिशातला. रक्कम मोठी नसेल; पण सुटीच्या दिवशी शिकवण्या घेऊन किंवा दुकानात काम करून शिक्षणाचा खर्च भागवणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने बुडालेली मजुरी आणि झालेला खर्च यांची बेरीज करावी लागते.

सर्वांत कठीण प्रश्न परतीचा. गटसामने सायंकाळी पाच आणि रात्री आठ वाजता सुरू होत. दुसरा सामना दहाच्या सुमारास संपतो. प्रेक्षक बाहेर पडल्यानंतरच प्रेक्षकसेवेतील स्वयंसेवक मोकळा होतो. त्यानंतर नेरूळ-ठाणे, ठाणे-कल्याण आणि कल्याणहून पुढे अंबिवली. मध्यरात्रीच्या सुमाराची शेवटची गाडी चुकली की कल्याणच्या फलाटावर पहाटेची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. विद्यार्थिनींच्या बाबतीत पालकांचा नकार येथूनच सुरू होतो, आणि त्याला बुरसटलेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. २०२२ ची स्पर्धा तर मुलींचीच होती. मैदानावर कोलंबियाच्या आणि स्पेनच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुली खेळत असताना, त्यांना पाहण्याची आणि त्यांच्यासाठी काम करण्याची संधी अंबिवलीच्या शेवटच्या गाडीवर अवलंबून असावी, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

सेवा की वेठ?

स्वयंसेवकांच्या प्रेरणांचा अभ्यास करताना क्लॅरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली सहा प्रेरणांची मांडणी पुष्कळ ठिकाणी वापरली जाते : मूल्ये, ज्ञानार्जन, सामाजिक संबंध, व्यवसायातील उपयोग, मनावरील ताणापासून सुटका आणि आत्मसन्मानाची वाढ. फुटबॉल स्पर्धेतील तरुण स्वयंसेवकांमध्ये ज्ञानार्जन आणि व्यवसायातील उपयोग या दोन प्रेरणा प्रबळ असणार, असे मानण्यास जागा आहे. मग प्रश्न उद्भवतो की, ज्यातून भावी रोजगाराची अपेक्षा आहे अशा विनावेतन कामाला सेवा म्हणावे की उमेदवारी?

हा प्रश्न तीव्र होतो तो संयोजक संस्थेच्या आर्थिक स्थितीमुळे. जागतिक फुटबॉल महासंघ ही स्विस कायद्यानुसार नफ्यासाठी नसलेली संस्था आहे, हे खरे. तथापि २०१९ ते २०२२ या चार वर्षांतील तिचे उत्पन्न सुमारे ७.५७ अब्ज डॉलर होते, हेही खरे. ग्रामीण शिबिरात बंधारा बांधणारा विद्यार्थी ज्यांना पाणी मिळणार त्यांच्यासाठी राबतो. प्रक्षेपणाचे हक्क विकून चालणाऱ्या स्पर्धेत राबणारा विद्यार्थी कोणासाठी राबतो, याचे उत्तर इतके सरळ देता येत नाही.

आपल्या देशात क्रीडास्पर्धा आणि श्रम यांचा संबंध न्यायालयासमोर आला तो दिल्लीतील १९८२ च्या आशियाई स्पर्धेच्या निमित्ताने. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ मधील वेठ ठरते, असा निर्णय दिला. आर्थिक अगतिकता हीसुद्धा सक्तीच, असे त्यामागील तत्त्व होते. हा निर्णय बांधकाम मजुरांविषयीचा होता. हौसेने आलेल्या विद्यार्थ्याला तो जसाच्या तसा लागू करणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही त्यातील तत्त्व महाविद्यालयांनी स्वतःला लावून पाहण्यासारखे आहे : प्राचार्यांच्या वा कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या सूचनेवरून 'इच्छुकांची' यादी तयार होते तेव्हा तिच्यातील किती नावे खरोखर इच्छुकांची असतात?

सक्तीच्या अभावी शिस्त राहत नाही, असा युक्तिवाद केला जातो. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत प्रशिक्षण घेतलेले हजारो स्वयंसेवक ऐनवेळी फिरकले नाहीत, हे उदाहरण त्यासाठी दिले जाते. परंतु गळती झाली म्हणजे इच्छा नव्हती, एवढाच निष्कर्ष काढणे घाईचे आहे. भोजन, वाहतूक आणि कामाची स्पष्टता यांची हेळसांड झाली की इच्छुक माणूसही परत येत नाही. उलट २०१७ मध्ये गुवाहाटीचे मैदान पावसाने खराब झाल्याने ब्राझील-इंग्लंड हा उपान्त्य सामना अवघ्या दोन दिवसांत कोलकात्याला हलवावा लागला, आणि तो तेथे प्रचंड गर्दीत पार पडला. इतक्या अल्प अवधीत मनुष्यबळ उभे राहते ते आधीच तयार असलेल्या व स्वतःहून हजर होणाऱ्या माणसांमुळे.

श्रेयांकांचा प्रश्न

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात लागू झालेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात सहअभ्यासक्रम, समाजसहभाग प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण अशी तीन स्वतंत्र शीर्षे आहेत. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामात तीस तासांना एक श्रेयांक हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरले जाते. फुटबॉल स्पर्धेतील स्वयंसेवा यांपैकी कोठे बसते? समाजसहभागात ती ओढूनताणून बसवावी लागेल, कारण येथे लाभार्थी समाजघटक दाखवता येत नाही. कार्यप्रशिक्षणाशी तिचे साम्य अधिक आहे. मात्र तसे म्हटले की विद्यावेतनाचा प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारला जावा. क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना आदींचा समावेश असलेले सहअभ्यासक्रमाचे शीर्ष त्यातल्या त्यात योग्य वाटते. पाच सामन्यांच्या दिवसांची प्रत्येकी आठ-नऊ तासांची पाळी आणि दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण धरले तर साठ तासांच्या जवळपास, म्हणजे दोन श्रेयांकांइतके काम होते.

श्रेयांक द्यावयाचे तर पर्यायही ठेवावा लागेल. जो विद्यार्थी नेरूळला जाऊ शकत नाही त्याला तितकेच श्रेयांक घराजवळच्या कामातून, उदाहरणार्थ महाविद्यालयाच्या आंतरविभागीय सामन्यांच्या संयोजनातून, मिळाले पाहिजेत. अन्यथा अंतर हाच गुणवत्तेचा निकष ठरेल, आणि २०१३ च्या व्याख्येतील 'सक्तीचे नसावे' ही अट कागदावर राहील.

संयोजकांशी पत्रव्यवहार करताना महाविद्यालयाने काही गोष्टी लेखी मागून घेणे शक्य आहे. दूरच्या विद्यार्थ्यांना पहिल्या सामन्याच्या पाळ्या, उशिरा सुटणाऱ्यांसाठी ठाणे स्थानकापर्यंत बस, विद्यार्थिनींना एकाच मार्गावरील गटाने नेमणूक, आणि परीक्षेशी तारखा जुळल्यास पाळी बदलण्याची मुभा. यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ते पाळीपत्रक बनवणाऱ्याच्या समोर विद्यार्थ्याच्या घराचा पत्ता असणे. बहुतेक अर्जांत शहराचे नाव विचारतात आणि ठाणे जिल्ह्यातील विद्यार्थी 'मुंबई' असे लिहून मोकळा होतो. तेथे 'अंबिवली स्थानक' असे लिहिण्यास त्याला शिकवले पाहिजे.

प्रमाणपत्रावर विभागाचे नाव, कामाच्या तारखा आणि तास नमूद असतील तरच त्याची श्रेयांकांसाठी पडताळणी करता येते. केवळ सहभागाचा उल्लेख असलेले रंगीत पत्रक त्यासाठी पुरेसे नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे विद्यार्थ्याची कामाची दैनंदिनी असतेच. तिच्यात कामाच्या तासांशेजारी 'घरून निघण्याची वेळ' आणि 'घरी पोहोचल्याची वेळ' असे आणखी दोन रकाने आखता येतात.